‘आली भवानी!’ म्हणतील, म्हणू देत

पत्र
ताई, आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगी अडीच महिन्यांची झाली तरी बारसं झालेलं नाही, कारण नावावर घोडं अडलंय. माझं माहेर बार्शीकडचं, कुलदैवत तुळजाभवानी, आणि मला लेकीचं नाव ‘भवानी’च ठेवायचंय. नवरा म्हणतो, नाव जड आहे, शाळेत पोरं चिडवतील. सासूबाई म्हणतात, ‘उद्या भांडकुदळ निघाली तर मला सांगू नकोस.’ सासरे निवृत्त शिक्षक आहेत. मुलीला उग्र नाव ठेवू नये असं शास्त्रातच लिहिलंय म्हणतात. नणंदेनं ‘आन्वी’ ठरवून पाळण्यावर लावायची अक्षरंसुद्धा आणून ठेवलीत. गंमत म्हणजे दिरांच्या मुलाचं नाव रुद्र आहे आणि ते सगळ्यांना फार आवडतं. माझं स्वतःचं नाव लग्नात बदललं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोलले नाही. मला कधी मोठ्यानं बोलता आलं नाही, हिला तरी यावं असं वाटतं. मी हट्टीपणा करतेय का?

उत्तर
नाही. नाव चांगलं आहे, ठेवा. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तुमच्या घरातल्या चौघांच्या चार हरकती आहेत आणि माझ्या मते त्यांतली एकच खरी आहे. शिवाय तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलंय, त्याची मला नावापेक्षा जास्त काळजी वाटली. त्याकडे येतेच.

सासऱ्यांपासून सुरुवात करू, कारण शिक्षक माणसाशी पुरावा दाखवून बोलता येतं. भवानी म्हणजे भवाची पत्नी. भव हे शंकराचं नाव. ‘भू’ म्हणजे असणं, होणं, त्यावरून आलेलं. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे, त्यात इंद्र, वरुण, भव, शर्व, रुद्र, मृड अशी नावं ओळीनं येतात आणि त्यांची स्त्रीलिंगी रूपं कशी होतात ते सांगितलंय. इंद्राची इंद्राणी, भवाची भवानी, रुद्राची रुद्राणी. त्याच सूत्रात पुढे मातुल, म्हणजे मामाही आहे. त्याची मातुलानी, म्हणजे आपली मामी. व्याकरणाच्या नियमानं पाहिलं तर भवानी आणि मामी एकाच पंगतीत बसतात. भवानीला घाबरायचं तर मामीलाही घाबरावं लागेल. (काही मामींच्या बाबतीत ते शहाणपणाचंच, पण तो वेगळा विषय.)

आता ‘शास्त्रात लिहिलंय’. हो, लिहिलंय. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलींची नावं कशी असावीत याचा श्लोक आहे: उच्चारायला सोपं, क्रूर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर येणारं आणि आशीर्वादासारखं. ही यादी घेऊन बसा आणि भवानीला एकेक कलम लावून बघा. तीन अक्षरं, जोडाक्षर एकही नाही, शेवटी दीर्घ ई, आणि मंगल म्हणाल तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लग्नानंतर हिच्याच नावानं गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. उरतं ते ‘क्रूर’. ते सासऱ्यांना ठरवू द्या, पण ठरवण्याआधी त्याच ग्रंथाचा तिसरा अध्यायही काढायला सांगा. तिथे कोणत्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. भीषण नावाची नको, हे त्यांचं म्हणणं तिथे सापडेल. पण त्याच श्लोकात नक्षत्राचं नाव असलेली नको, झाडाचं नको, नदीचं नको, पर्वताचं नको, पक्ष्याचं नको असंही आहे. म्हणजे रोहिणी, रेवती, अश्विनी, चित्रा, गोदावरी, यमुना, मैना या सगळ्या बाद. पुण्यातले जुने वाडे यमुनाबाई आणि गोदूताईंनी भरलेले होते आणि त्यांची लग्नंही रीतसर झाली होती. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. श्लोक पाळला असता तर पुणं फार सुनं झालं असतं. आपण शास्त्रातलं सोयीचं तेवढंच उचलतो, सगळेच उचलतात. तेव्हा तुम्हीही तुमच्या सोयीचं उचला.

शास्त्राचा विषय निघालाच आहे तर रुद्रबद्दलही बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी ओळ तीच आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात नावाबद्दलची एक फार सुरेख गोष्ट आहे. प्रजापतीला मुलगा झाला आणि तो जन्मताच रडायला लागला. का रडतोस विचारलं तर म्हणाला, मला नाव नाही, नाव दे. रडला म्हणून त्याचं नाव ठेवलं रुद्र. त्यावर पोराचं समाधान होईना. आणखी दे, आणखी दे. मग शर्व, पशुपती, उग्र, अशनी, भव, महान देव, ईशान अशी एकूण आठ नावं झाली. प्रत्येक नावाला सृष्टीतलं एकेक रूप जोडलेलं आहे: उग्र म्हणजे वारा, अशनी म्हणजे वीज. आणि भव म्हणजे पर्जन्य, कारण पावसापासून सगळं होतं.

आता तुमच्या घरात काय झालंय ते पाहा. रडणारा किंवा रडवणारा, असा ज्याचा अर्थ लावतात ते नाव दिरांच्या मुलाला ठेवलं, तेव्हा कुणी मनुस्मृती काढली नाही. ‘उद्या रडका निघाला तर’ असंही कुणी म्हणालं नाही. आणि त्याच आठांमधल्या पावसाच्या नावावरून आलेलं नाव मुलीला ठेवायचं म्हटलं तर ते जड. मुलांना आपण रणजित, प्रताप, विक्रम, संग्राम अशी नावं शतकानुशतकं ठेवत आलोय. कागदावर संग्राम असलेला माणूस बँकेत मुकाट रांगेत उभा राहतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मुलाच्या नावातला दरारा रुबाबदार, मुलीच्या नावातला तोच दरारा भांडखोर. तुमच्या घरची माणसं वाईट नाहीत, पण हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, आणि ते लक्षात आणून देण्याचं काम तुमचंच आहे. भांडून नको. एकदा चहाच्या वेळी सगळे बसलेले असताना एवढंच विचारा: ‘रुद्रच्या वेळी आपण असं काही बोललो होतो का?’ आणि मग गप्प बसा. पुढचं बोलणं त्यांना करू द्या.

सासूबाईंच्या धाकाला फार उत्तर द्यायची गरज नाही. नावानं स्वभाव ठरत असता तर शांता नावाच्या बायकांनी पुण्याचं रूपच पालटलं असतं. त्यांना हवं तर तुळजापूरची एक गोष्ट सांगा. तुमचं माहेर त्या बाजूचं, तुम्हाला ती माझ्याहून चांगली माहीत असेल. तिथली मूर्ती अष्टभुजा, महिषासुराला मारणारी, म्हणजे उग्रच. पण ती मूर्ती चल आहे, आणि वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात: शारदीय नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी. दसऱ्यानंतरच्या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात, लढून दमली म्हणून. राक्षस मारणाऱ्या देवीला झोप लागते हे ज्यांनी ओळखलं, त्यांना भवानी नुसती भांडकुदळ वाटत नव्हती. अडीच महिन्यांच्या तुमच्या भवानीला रात्री किती झोप लागते ते मी विचारत नाही.

(एकनाथांचं रोडग्याचं भारूड मात्र सध्या घरात गुणगुणू नका. ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’ म्हणत त्यातली सून सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, नवरा सगळ्यांचा एकेक करून बंदोबस्त मागते आणि शेवटी एकटीच राहू दे म्हणते. नाथांना त्यात संसाराची आसक्ती सुटणं अभिप्रेत आहे हे खरं, पण हे सासूबाईंना समजावून सांगेपर्यंत चहा गार होईल.)

आता खरी हरकत, नवऱ्याची. ती मी उडवून लावणार नाही. रुद्र नावाला मराठीत कुणी शिवीसारखं वापरत नाही, भवानीला वापरतात. ‘आली भवानी!’, ‘कुठं उलथली होती ही भवानी?’ भवानी, जगदंबा, महामाया, चंडिका: आपण देव्हाऱ्यातली नावं उचलून नकोशा वाटणाऱ्या बायकांना चिकटवली. जी मोठ्यानं बोलली, उशिरा घरी आली, न विचारता कुठं गेली, ती भवानी. पुरुषांच्या वाट्याला ‘भोळा सांब’ आला, तोही अर्धा कौतुकाचा. फार तर एखादा ‘म्हसोबा’. म्हणजे नवऱ्याची भीती खोटी नाही. मुलीला हे ऐकावं लागेल. शाळेतली पोरं म्हणतील त्यापेक्षा सोसायटीतल्या काकू जास्त म्हणतील, आणि हसत हसत म्हणतील, म्हणजे उलट बोलायची सोय नाही.

पण हाच शब्द सकाळी मंडईत ऐका. ‘ताई, अजून भवानी व्हायचीय, घासाघीस करू नका.’ दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक, पहिले आलेले पैसे, ती भवानी. जुनी भाजीवाली पहिली नोट कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकते. आता क्यूआर कोडवर भवानी होते आणि डब्यातून एक बाई पैसे मिळाल्याचं ओरडून सांगते, तरी शब्द टिकून आहे. एकाच गावात, एकाच भाषेत, सकाळी नऊ वाजता जो शब्द शुभ असतो तो संध्याकाळी सात वाजता सुनेसाठी टोमणा होतो. शिवाजी महाराजांच्या तलवारीचं नाव भवानी, हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तुमच्याच गावात भवानी पेठ आहे, देवीच्या देवळावरून नाव पडलेली. आषाढीला निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात मुक्कामाला तिथेच, पालखी विठोबाच्या देवळात उतरते. पत्त्यात ‘भवानी पेठ’ लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. संभाजी महाराज आणि येसूबाईंनी आपल्या लेकीचं नाव भवानीबाईच ठेवलं होतं. तेव्हा ते धाडसाचं नाव नव्हतं, घरातलं होतं. मधल्या काळात ते घरातून उठून नुसतं बोलण्यात राहिलं. नाव माणसांना ठेवायचं बंद झालं की त्याचा टोमणा व्हायला वेळ लागत नाही, आणि पुन्हा ठेवायला लागलं की टोमणा बोथट होतो. कुणीतरी सुरुवात करावी लागते, आणि ती तुम्ही करणार असाल तर थोडा त्रास तुमच्या वाट्याला येणार.

महाराष्ट्राबाहेर तर हा प्रश्नच नाही. तमिळ, तेलुगू घरांत भवानी हे साधं, रोजच्या वापरातलं नाव आहे. तमिळनाडूत भवानी नावाची नदी आहे आणि ती कावेरीला मिळते त्या गावाचं नावही भवानी. (नदीचं नाव! सासऱ्यांना सांगू नका.) चेन्नईची सी. ए. भवानी देवी ही ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळलेली पहिली भारतीय. 2021 मध्ये टोकियोत तिनं पहिला सामना 15-3 असा जिंकला. तिची तलवार सेबर प्रकारची. भवानीच्या हातात तलवार, हे तुमच्या नवऱ्याला मोबाइलवर दाखवा, निम्मं काम होईल. उत्तरेत तर हे पुरुषांचंही नाव आहे: जयपूरचे महाराज भवानी सिंह यांना 1971 च्या युद्धातल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळालं होतं. आपल्याकडे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होऊन गेले, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे. औंध म्हणजे पुण्यातलं, परिहार चौकाचं नव्हे, साताऱ्याकडचं. तिथलं त्यांनी उभारलेलं संग्रहालयही भवानीच्याच नावाचं आहे, मुलगी थोडी मोठी झाली की घेऊन जा. सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याही शाळेत तुमच्या मुलीच्या वर्गात हैदराबादचं, कोईमतूरचं, इंदूरचं कुणी ना कुणी असेलच, आणि त्यांच्या कानाला हे नाव मुळीच टोचणार नाही.

चिडवण्याबद्दल एवढंच सांगते की मुलं कुठल्याही नावावरून चिडवतात. त्यांना यमक जुळलं की पुरे. त्याची तयारी घरात होते. मुलीला तिच्या नावाची गोष्ट दुसऱ्या कुणी काही सुनवायच्या आधी कळली पाहिजे, तीन-चार वर्षांची असतानाच, आणि ती फक्त आईकडून कळून चालणार नाही. म्हणून नवऱ्याची एक परीक्षा घ्या. आठवडाभर त्यानं लेकीला भवानी म्हणून हाक मारायची. घरात, डॉक्टरांकडे डोस द्यायला नेल्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारचौघांत. आठवड्यानंतरही त्याला इकडेतिकडे बघून आवाज खाली घ्यावासा वाटत असेल तर मी सांगते, हे नाव ठेवू नका. कारण ज्या नावाचा बापालाच संकोच वाटतो ते नाव मुलगी मान वर करून कसं सांगेल? पण माझा अंदाज असा की तिसऱ्या दिवशी तो तिला ‘भवू’ म्हणायला लागेल आणि विषय संपेल.

आता तुमच्याकडे वळते. ‘मला मोठ्यानं बोलता आलं नाही, हिला तरी यावं.’ हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. नावामागे आशीर्वाद असावा, हे बरोबरच आहे. पण हा आशीर्वाद आहे की तुमची जुनी उधारी आहे, जी लेकीच्या खात्यावर मांडली जातेय? समजा तुमची भवानी लाजाळू निघाली. पाहुणे आले की तुमच्या पदरामागे लपणारी, वर्गात हात वर न करणारी. तिला ‘नाव भवानी आणि करतेस काय!’ असं पहिल्यांदा कोण म्हणेल? काकू म्हणतीलच. तुम्ही तर म्हणणार नाही ना? ‘लाजाळू भवानीही चालेल’ असं तुम्हाला मनापासून म्हणता आलं तर नाव बिनधास्त ठेवा. आपल्याकडे मुलींवर नावाचं ओझं टाकण्याची फार वाईट रीत होती. मुलगा हवा म्हणून नकोशी नाव ठेवलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. तुमचं त्याच्या अगदी उलट आहे, हवीहवीशी लेक आहे. तरी अपेक्षेचं ओझं हेही ओझंच असतं.

या नावात एक गंमत दडलेली आहे, ती तुमच्यासाठीच असावी असं वाटतं. संस्कृतात भवानीला हाक मारायची तर ‘भवानि’ म्हणतात, शेवट ऱ्हस्व. आणि ‘भवानि’ हे ‘भू’ धातूचं क्रियापदही आहे, अर्थ: मी व्हावं. आदि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या सौंदर्यलहरीत बाविसावा श्लोक ‘भवानि त्वं’ असा सुरू होतो. भक्ताला म्हणायचंय, ‘हे भवानी, तू माझ्याकडे करुणेनं बघ.’ पण त्यानं ‘भवानि त्वं’ एवढंच उच्चारलं आणि देवीनं ते ‘मी तू व्हावं’ असं ऐकलं. पुढचं वाक्य पुरं व्हायचीही वाट न बघता तिनं त्याला आपल्याशी एकरूप करून टाकलं. आता यातलं क्रियापद कुठल्या पुरुषातलं आहे बघा. प्रथमपुरुषी. ‘हिनं व्हावं’ नाही, ‘मी व्हावं’. दिवसातून शंभरदा तुम्ही ही हाक मारणार आहात. सासऱ्यांना हे सांगाल तर ते खूश होतील. तुम्ही मात्र ते नुसतं व्याकरण म्हणून सोडून देऊ नका.

त्याची सुरुवात कुठून करायची, तर अगदी रुक्ष जागेपासून. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात नाव असं लिहिलं जातं: बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे तुमच्या लेकीच्या जन्मदाखल्यावर ‘भवानी’ला लागून तुमचं नाव येणार. कुठलं नाव? माहेरचं, की लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं? तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता महापालिकेचा अर्ज विचारतोय. लग्नातलं नाव आपोआप कायदेशीर होत नाही, त्यासाठी साधारणपणे राजपत्रात नाव बदलल्याची नोंद लागते. तुमचं आधार, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन काढून बघा. त्यांवर माहेरचं नाव असेल तर तुम्ही कागदोपत्री अजून त्याच आहात. ते बदलायचं की तसंच ठेवायचं हे तुम्ही ठरवा, दोन्ही चालतं. पण घरात सांगताना ‘कागदावर तेच आहे म्हणून’ असं अंग चोरून सांगू नका. ‘मला हे नाव हवंय’ असं म्हणा. भवानीसाठी भांडण्यापेक्षा हे जास्त अवघड जाईल, आणि आधी हेच करा.

नणंदेचं वाईट वाटायला नको. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, तो तिचाच राहू दे. तिच्याशी वाकडं घेऊन बारशाला मजा येणार नाही. मघाच्या शतपथातच पुढे म्हटलंय की मूल जन्मलं की त्याचं नाव ठेवावं, दुसरं ठेवावं, तिसरंही ठेवावं. आपल्याकडेही बारशाला एकाहून जास्त नावं ठेवतातच: कुलदेवतेचं, नावरस, हाकेचं. तेव्हा ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं की नणंदेनं कानात कुर्र करून आधी भवानी सांगावं आणि मग आन्वी, आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत नेहमीपेक्षा दोन धपाटे जास्त घालावेत. आणलेली अक्षरं पाळण्यावर लावा. तिच्या घरी गेल्यावर ती आन्वी असेल तर बिघडत काही नाही. दाखल्यावर मात्र एकच.

दाखल्याची घाई नाही, पण आळसही करू नका. जन्माची नोंद रुग्णालयाकडून झालीच असेल. बाळाचं नाव न घालता नोंद झाली असेल तर नोंदणीपासून बारा महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला मूळ पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे नंतर दुरुस्ती करत बसणं तापदायक आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये व्ही घ्यायचा की डब्ल्यू, हे अर्जाच्या खिडकीसमोर ठरवू नका. मी व्ही सुचवेन. तलवारबाज भवानीही तसंच लिहिते. घरी कागदावर दोघांनी लिहून बघा, एकदा ठरलं की तेच दाखल्यावर, आधारवर आणि लसीकरणाच्या कार्डावर. कार्डावर सध्या ‘बेबी ऑफ’ असं लिहिलेलं असेल, पुढच्या डोसाला जाल तेव्हा तेही बदलून घ्या.